'फाइन'चं मराठी करताना

भाषांतराच्या माझ्या पहिल्याच कामात मी 'फाइन प्रिंट'चं 'सुबक छपाई' केलं होतं. 'करारावर सही करण्याआधी सुबक छपाई नीट वाचावी' असं वाक्य मुद्रितशोधनापर्यंत बिनबोभाट गेलं. तिथल्या बाईंनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं : 'आणि गबाळी असेल तर वाचू नये का?'

लाज वाटली ती वाटलीच, पण त्या टोमण्यातच युक्ती होती. 'फाइन' समोर आला की त्याचा अर्थ शोधत बसायचं नाही. त्या जागी उलट शब्द कोणता आला असता, ते आधी विचारायचं. करारातल्या मजकुराची उलट बाजू गबाळी नव्हे, ठळक अक्षरं. म्हणजे इथे हवं होतं 'बारीक अक्षरांतला मजकूर', तोच, जो कुणी वाचू नये अशी लिहिणाऱ्याची इच्छा असते.

वाळूच्या बाबतीत उलट शब्द जाडी, म्हणून फाइन सँड बारीक वाळू. कापड जाडंभरडं नसेल तर तलम. फरक ढोबळ नसेल तर सूक्ष्म. हवा कुंद, पावसाळी नसेल तर 'फाइन वेदर' म्हणजे उघडीप, स्वच्छ हवा. 'फाइन आर्ट्स'ची उलट बाजू वाईट कला नव्हे, उपयोजित कला. म्हणून मराठीत ललित कला. सोन्याचं उलट हिणकस, म्हणून फाइन गोल्ड शुद्ध सोनं. लगडीवरचा 999 आकडा हजार भागांतले किती भाग शुद्ध ते सांगतो. 22 कॅरेटचा आकडा 916. या मोजणीला इंग्रजीत 'फाइननेस' म्हणतात, आणि मराठीत त्यासाठी 'कस' हा नेमका शब्द असताना 'सूक्ष्मता' लिहू नये. हवेच्या प्रदूषणातले 'फाइन पार्टिकल्स' मात्र सूक्ष्म कणच : व्यास 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे 'बारीक' म्हणून भागणार नाही.

एकाच शब्दात बारीक आणि चांगलं कसं काय नांदतं? मूळ लॅटिन 'फीनिस', म्हणजे शेवट, सीमा. जुन्या फ्रेंचमधून तो तेराव्या शतकात इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता शेवटापर्यंत नेलेलं, कसर न राहिलेलं. घासत, चाळत, गाळत शेवटापर्यंत नेलेली वस्तू चोखही होते आणि बारीकही. मी तरी ते असंच लक्षात ठेवते. दंड या अर्थाचा 'फाइन'ही त्याच मुळाचा आहे : वाद संपवण्यासाठी भरायची रक्कम. इटालियन स्वरलिपीत तुकडा संपतो तिथे 'फीने' लिहितात, तेही हेच घराणं.

माणसांपाशी आलं की हा शब्द जास्त दगा देतो. 'आय अ‍ॅम फाइन' म्हणजे मी बरी आहे. त्याच्यामागे 'व्हेरी' लावू नका. 'व्हेरी फाइन' हे धाग्याला, चित्राला, धुळीला चालतं. तब्येत सांगताना 'व्हेरी वेल' म्हणतात. आपल्याला 'अगदी छान' म्हणायची सवय, म्हणून ते 'व्हेरी' आपोआप घुसतं. दुसरं, नामाच्या आधी बसला की तब्येतीचा अर्थ गळून पडतो : 'अ फाइन डॉक्टर' म्हणजे ठणठणीत डॉक्टर नव्हे, कसलेला डॉक्टर.

काही घ्यायचा आग्रह चालला असताना कुणी 'आय अ‍ॅम फाइन, थँक्स' म्हणालं, तर ते तब्येत सांगत नाही. ते 'नको' म्हणतंय. एका कथेत मी इथे 'मी बरा आहे, आभार' लिहिलं होतं, आणि पुढच्या ओळीत यजमान पेला परत नेतो. वाचणाऱ्याला यजमान बहिरा वाटला असणार.

निरोपात एकटाच 'फाइन' आला, पुढे पूर्णविराम, तर सावध व्हा. शब्दाचा अर्थ 'ठीक आहे'. स्वराचा अर्थ 'कर तुला काय करायचं ते'. सुदैवानं मराठीत त्याचा जुळा भाऊ आहे, 'बरं'. तोही पूर्णविरामासह लिहा, चिडका सूर जसाच्या तसा उतरतो. 'अ फाइन मेस' मधला उपरोधही असाच उतरतो : 'छान! आता निस्तरा.' 

क्रियाविशेषण होताना दोन वाटा फुटतात. चिरायचं, दळायचं बारीक असेल तर 'फाइनली' (शेवटी या अर्थाचा 'फायनली' वेगळा, त्याचा उच्चारही वेगळा). यंत्र नीट चालतंय म्हणायचं असेल तर नुसतं 'फाइन' : 'इट वर्क्स फाइन'.

उलट शब्दाची युक्ती काही ठिकाणी हरते. 'वन फाइन डे' मध्ये हवेचा काही संबंध नाही, 'एके दिवशी' लिहा आणि पुढे चला. 'नॉट टू पुट टू फाइन अ पॉइंट ऑन इट' म्हणजे 'स्पष्टच बोलायचं तर'. आणि 'यू आर कटिंग इट फाइन' कुणी म्हणालं, तर कात्री शोधू नका. तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी पोहोचला आहात, जरा पाय उचला.