सवलत मागणाऱ्या पाहुण्याला उत्तर देताना

अलिबाग, दापोली किंवा तारकर्लीसारख्या ठिकाणी पर्यटकांना घर भाड्याने देणाऱ्यांनी ‘काही कमी होईल का?’ या प्रश्नाचे उत्तर हंगामापूर्वीच ठरवून ठेवावे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुटीत घर रिकामे राहण्याची भीती फारशी नसल्याने दर उतरवण्याचे कारण नसते. पावसाळ्यात मात्र सोमवार ते गुरुवार खोल्या बहुधा पडूनच असतात, तेव्हा सलग तीन रात्रींच्या मुक्कामावर थोडी सूट परवडते. खोलीचे भाडे ४,००० रुपये असून साफसफाई, चादरींची धुलाई, वीज आणि संकेतस्थळाचे कमिशन यांवर १,५०० रुपये जात असतील, तर ५०० रुपयांची सवलत म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा गेला, हे आधी लक्षात घ्यावे. नुसता नकार देण्याऐवजी, ‘शनिवारचा दर हाच राहील, रविवारी रात्रीही थांबलात, तर ती रात्र कमी दरात देता येईल,’ असे कळवावे. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सूट मागणाऱ्याला (असेही भेटतात) नम्रपणे नाहीच म्हणावे. ठरलेली रक्कम, माणसांची संख्या आणि जेवण धरले आहे की नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. चौघांसाठी कमी केलेल्या दरात सहा जण उतरले, की वाद तिथूनच सुरू होतो.