मोठेपणी पियानो शिकताय? या चुका टाळा

मोठेपणी पियानोला बसलेल्या माणसाचा कान वर्षानुवर्षं संगीत ऐकून तयार झालेला असतो, डोकं सांगितलेलं चटकन पकडतं, आणि हात मात्र पहिलीतल्या मुलाचे असतात. हे अंतर सोसवत नाही, म्हणून माणूस आडवाट धरतो. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ या घाईत आहे, आणि त्या पुन्हा पुन्हा बघून जीव कातावतो, कारण त्यातली प्रत्येक चूक टाळता येण्यासारखी आहे.

‘फ्यूर एलिझे’पासून सुरुवात

बीथोवनची ही 1810 सालची रचना जवळपास प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच महिन्यात वाजवायची असते. सुरुवात फसवी आहे. पट्ट्यांच्या इंग्रजी नावांनी सांगायचं तर ई, डी शार्प, ई, डी शार्प, ई, बी, डी, सी, ए. उजव्या हाताचं वाक्य संपतं तेव्हा डावा हात तीन नोटा वाजवतो, मग पुन्हा उजवा. दोन्ही हातांना एकाच वेळी फारसं काही करायचं नसतं, त्यामुळे पंधरा दिवसांत ‘जमलं’ असं वाटतं. पुढे एफ मेजरचा, म्हणजे एफ हा सा धरलेला, भाग येतो. तिथे डावा हात साथ थांबवत नाही आणि उजव्याला बत्तिसांश, म्हणजे अगदी आखूड आणि झरझर जाणाऱ्या, नोटा धावत्या वाजवायच्या असतात. त्याच्या पुढच्या भागात डावा हात खालचा ए न थांबता ठोकत राहतो, वर उजव्या हाताचे जड कॉर्ड (एकदम दाबलेल्या अनेक नोटा) असतात, आणि शेवटी वरून खाली येणारी क्रोमॅटिक, म्हणजे काळी-पांढरी एकही पट्टी न सोडणारी, धाव. पहिलं पान आणि तिसरं पान यांच्यात काही वर्षांच्या रियाजाचं अंतर आहे.

बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. पडद्यावर वरून रंगीत ठोकळे पडतात तसले व्हिडिओ बघून त्यांनी या रचनेचं पहिलं पान बसवलं आणि मग शिक्षकाकडे आले. वेगात वाजवत होते, घरच्यांनी कौतुकही केलं होतं. शिक्षकाने फक्त डावा हात वाजवायला सांगितला; आला नाही. तिसऱ्या बारपासून (बार म्हणजे कागदावर उभ्या रेघांनी पाडलेला तालाचा एकेक तुकडा) सुरू करायला सांगितलं, तेही नाही. पहिल्या नोटेपासून निघाले तरच गाडी चालायची आणि मध्ये अडखळले की परत पहिली नोट. सुरुवातीचा तो ई कधी चौथ्या बोटाने, कधी पाचव्याने, तर कधी तिसऱ्याने (अंगठा पहिला, करंगळी पाचवी). ठोकळा कुठली पट्टी दाबायची ते सांगतो. बोट कुठलं, नोट किती लांब, वाक्य कुठे संपतं, हे सांगत नाही. लागलेली सवय मोडायला त्यांना ती लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला. हे व्हिडिओ मला मनापासून नावडतात. वाचायला शिकायचं कष्टाचं काम ते पुढे ढकलतात आणि त्या दिरंगाईलाच प्रगती म्हणतात.

रचना निवडताना तिचा सर्वांत अवघड बार बघा. कागदावर जिथे शाई सर्वांत दाट दिसते तो बार काढा, एकेका हाताने, अगदी सावकाश, छापलेले बोटांचे आकडे पाळून वाजवून पाहा. पंधरा-वीस मिनिटांत एकेक हात बसत नसेल तर रचना वर्षभर बाजूला ठेवा. तोवर वाजवण्यासारखं चिक्कार आहे. बार्टोकच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’मध्ये सहा खंडांत 153 तुकडे आहेत, त्यातले पहिले दोन खंड घ्या. शूमनचा 1848 चा ‘अल्बम फॉर द यंग’ आहे, त्यात 43 रचना आहेत. थोडा हात बसला की बुर्गम्युलरच्या ओपस 100 मधले 25 तुकडे. यांना ‘मुलांचं’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. शूमनची पहिलीच ‘मेलडी’ डाव्या हाताचा आवाज दाबून, उजव्याचं गाणं वर ठेवून वाजवून बघा; मग तिला कोणी बाळबोध म्हणणार नाही.

दरवेळी पहिल्या बारपासून, आणि मिळेल त्या बोटाने

ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी सवय आहे. अर्ध्या तासाच्या रियाजात रचना सुरुवातीपासून सहा वेळा वाजवली, दर वेळी सतराव्या बारला अडखळली, तर त्या दिवशी पहिल्या सोळा बारांचा रियाज झाला आणि सतराव्याला अडखळण्याचाही झाला. हाताला चूक-बरोबर कळत नाही; जे जास्त वेळा केलं ते तो लक्षात ठेवतो.

बाखच्या नावावर बरीच वर्षं खपलेला जी मेजरमधला मिन्युएट (जुन्या युरोपीय नाचाची चाल) घ्या. तो खरा ख्रिस्तियान पेट्झोल्डचा. एकूण 32 बार, तीन मात्रांचा. उजव्या हाताचा पहिला बार डी, जी, ए, बी, सी, बोटं 5-1-2-3-4. दुसरा बार डी, जी, जी, 5-1-1. तिसरा बार ई, सी, डी, ई, एफ शार्प, आणि चौथ्याच्या सुरुवातीला वरचा जी. तिसऱ्या बारचा ई जवळ आहे म्हणून नवशिका तो चौथ्या बोटाने घेतो. मग सी दुसऱ्याने, डी तिसऱ्याने, ई चौथ्याने, एफ शार्प पाचव्याने, आणि जी आला की बोटं संपतात. हात झटका देऊन उडी मारतो, ताल तिथेच तुटतो. तो ई तिसऱ्या बोटाने घेतला तर सी अंगठ्यावर येतो आणि 3-1-2-3-4 करत वरचा जी पाचव्या बोटाखाली आपोआप सापडतो. अडखळणं चौथ्या बारात दिसतं, पण त्याचं कारण तिसऱ्या बारच्या पहिल्या नोटेत असतं. म्हणून अडलेल्या जागेच्या एक बार मागे जाऊन बोटं तपासा.

माझी पद्धत अशी: शेवटचे चार बार आधी. ते बसले की त्याआधीचे चार, आणि ते शेवटपर्यंत जोडून. असं मागून पुढे आलं की वाजवताना आपण नेहमी ओळखीच्या जागेकडे जात असतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर, एकेक हात, मग दोन्ही. लागोपाठ तीनदा बिनचूक आलं तरच 4 ने वाढवायचा; चुकलं तर 4 ने खाली. बोटांचे आकडे पेन्सिलीने कागदावर लिहायचे, एकदा ठरले की बदलायचे नाहीत. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी आठवडाभर करून बघावं आणि मग बोलावं.

पेटीचा हात पियानोवर

आपल्याकडे पियानोकडे वळणारे बरेच जण आधी पेटी वाजवलेले असतात. पट्ट्यांची ओळख असते, पांढरी एक म्हणजे सी हे ठाऊक असतं, हा मोठा फायदा. तोटा हाताच्या सवयीचा. पेटीत पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज भात्याच्या हवेवर ठरतो, आणि हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली यावर आवाज ठरतो. हातोडी तारेवर आपटून मागे आली की पुढचा सगळा जोर वाया जातो, आणि सूर त्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीवाला सूर टिकवायच्या नादात पट्टी दाबून धरतो, मनगट ताठ होतं, तासाभरात कोपरापर्यंत कळ येते. एक नोट वाजवा, आवाज आला की पट्टी खाली राहण्यापुरतंच वजन ठेवा आणि मनगट वर-खाली हलवून पाहा. सहज हललं पाहिजे.

डावा हात आयुष्यभर भात्यावर असल्याने मागे असतो. त्याचा रियाज आधी आणि दुप्पट.

कागदावर सारेगम लिहून घेणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद करा. मिन्युएट जी मेजरमध्ये आहे, तिथे ई म्हणजे ध. पुढची रचना एफ मेजरमध्ये आली की तोच ई नि होतो. एका पट्टीला दर रचनेत वेगळं नाव मिळालं तर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची संगीताची लिपी, कधीच वाचता येणार नाही. गाऊन बघायला सारेगम उत्तम आहे, वाचायला नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. टेबल सुमारे 75 सेंटीमीटर, वर कीबोर्डची जाडी, म्हणजे पट्ट्या 85 च्या आसपास जातात. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 72-73 सेंटीमीटरवर असतात. खांदे कानाला लागतात आणि दोष बोटांना दिला जातो. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवं, आणि बसायचं बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर.

61 हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर शास्त्रीय पियानो शिकता येत नाही. 88 वजनदार (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, पैसे जमेपर्यंत थांबावं लागलं तरी.

सूर लांबवणारं उजवं पेडल नोटेबरोबर दाबू नका. कॉर्ड बदलताना, नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय उचला आणि तो ऐकू आल्यावर पुन्हा दाबा. बाखच्या सी मेजर प्रिल्युडवर (35 बार) हे शिकायला सोपं जातं. आधी प्रत्येक बारमधल्या पाच नोटा एकदम दाबून कॉर्ड म्हणून वाजवा: सी-ई डाव्यात, जी-सी-ई उजव्यात, मग सी-डी आणि ए-डी-एफ, मग बी-डी आणि जी-डी-एफ. हात जागा शिकले की मगच त्या सुट्या करा. आणि पेडलने चुका झाकायची सवय लागली असेल तर महिनाभर त्याला पाय लावू नका.

हॅननचे बोटांचे व्यायाम दिवसाला पाच मिनिटं पुरे. बोटं दुखेपर्यंत केलं तर दुखापतच हाती लागते. नखं कापा. ग्रेडच्या परीक्षेच्या तीन रचनांवर वर्ष काढू नका. ग्रेड मिळेल, वाचन तिथेच राहील.

जुना अपराइट (उभा पियानो) घेतला असेल तर जूनमध्ये ट्यून करून घेऊ नका. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. पियानोला 40 ते 50 मानवते. साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या फळीचं, लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या अडकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर ट्यूनर बोलवा, आणि पावसाळ्यात आत बसवायची हीटर-रॉड चालू ठेवा.

ऐकण्यातही घाई होते. जी रचना शिकतोय तिचंच एक रेकॉर्डिंग शंभरदा ऐकून त्या वेगाची नक्कल करणं हा रियाज नव्हे. तीन वेगवेगळ्या वादकांची ऐका, हातात कागद घेऊन, आणि कोण कुठे श्वास घेतो ते पेन्सिलीने खूण करा. त्याखेरीज आपल्या आवाक्याबाहेरचं रोज काहीतरी ऐका, निव्वळ आनंदासाठी. मुंबईत एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) पियानोची मैफल असेल तर जा. सोनाटाचे (अनेक भागांच्या मोठ्या रचनेचे) भाग संपले की मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, शेवटच्या भागानंतर वाजवतात. तिकीट काढताना रंगमंचाकडे तोंड करून डावीकडची खुर्ची घ्या. वादकाचे हात तिथूनच दिसतात, उजवीकडे बसलात तर फक्त चेहरा.