एफआयआरच्या प्रतीसाठी चकरा मारण्याआधी

तालुक्याच्या ठाण्यात एसटीने जाण्याआधी महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' उघडा. तारखा, जिल्हा, ठाणं निवडा. ठाणंच यादीत दिसत नाही? बहुतेक वेळा जिल्हा चुकलेला असतो. काटोलसाठी 'नागपूर ग्रामीण', दर्यापूरसाठी 'अमरावती ग्रामीण' घ्यावं लागतं, शहर नव्हे. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे टाकतच नाहीत.

फिर्यादी तुम्हीच असाल तर प्रत फुकट मिळते, सही करतानाच मागून घ्या.

अटक झालेल्यांची नावं ठाण्यात ठळक दिसतील अशी (फलकावर किंवा स्क्रीनवर) लावणं कायद्याने बंधनकारक आहे; आधी तिथे नजर टाका.

बाकी कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. गुन्हा क्रमांक आणि वर्ष (उदा. ११२/२०२४) लिहाच. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तपास सुरू असेल तर मात्र नकार येऊ शकतो.