पीएचडीची उलटी मोजणी: तासगावच्या एका मॅडमकडून

माझ्या पीएचडीचे सगळे कागद बेदाण्याच्या खोक्यात आहेत. पंधरा किलोचं खोकं, एका बागायतदारानं दिलेलं. विषयच तो होता: तासगाव तालुक्यातला शेतकरी बेदाणा हंगामात लगेच विकतो की शीतगृहात ठेवतो, आणि हे तो कशावरून ठरवतो. सिनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत, सांगलीला बस बदलून कोल्हापूरचे हेलपाटे घालत हे केलं. २०१८ला नोंदणी, २०२४ला व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. आता दर जूनला एम.ए. झालेलं कुणी ना कुणी स्टाफरूमच्या दारात येऊन उभं राहतं, "मॅडम, पीएचडी करायचीय, फॉर्म कधी निघतो?" फॉर्म निघतोच. त्याच्या आधीचं आणि नंतरचं इथं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, नियम कुठले ते बघा. तुमच्यापुढचे सिनियर सांगतील ते बहुधा २०१६चे असतात. माझी नोंदणी त्यातलीच, म्हणून प्रबंध देण्याआधी मला एक शोधनिबंध छापावा लागला आणि दोन परिषदांत पेपर वाचावे लागले. नोव्हेंबर २०२२मध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नवे नियम आले, त्यात ही सक्ती काढली. विद्यापीठ आपली भर घालू शकतं, म्हणून शिवाजी विद्यापीठाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ नको. आणि निबंधाची सक्ती गेली म्हणून निबंध लिहायचाच नाही असं करू नका. व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येतो, "छापलंय काय?" फक्त पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका. मी एकदा लागले होते. तो निबंध आजही माझ्या बायोडेटात नाही.

पात्रता पटकन सांगते. एम.ए.ला ५५ टक्के. मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सूट. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी घेतली असेल तर एम.ए.शिवायही चालतं. प्रवेश विद्यापीठाच्या पेट या प्रवेश परीक्षेतून किंवा नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे अर्थशास्त्राचे. आमची पोरं समष्टी अर्थशास्त्र घोकून जातात आणि संशोधन पद्धतीत मार खातात. जून २०२४पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) नाही, सहायक प्राध्यापकपदही नाही, पण फक्त पीएचडीला पात्र, असाही एक गट आहे. प्रवेशात नेटच्या त्या गुणांना ७० टक्के भार आणि मुलाखतीला ३०. ते गुण एकच वर्ष चालतात, हे बरेच जण विसरतात. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. नाही मिळाली तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

नोकरी करणाऱ्यांनी अर्धवेळ करावी, पण आधी संस्थेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घ्यावी. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: परवानगी आहे, कामाच्या वेळेतून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळं करू. तिसरी ओळ संस्थांना जड जाते. ती लिहून घेतल्याशिवाय पुढं सरकू नका.

गाईड शोधताना नावाआधी दोन आकडे विचारा. त्यांच्याकडे जागा किती शिल्लक आहेत, आणि निवृत्तीला किती वर्षं आहेत. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. साडेतीन वर्षं उरलेले सर नियमात बसतात, पण तुमचा प्रबंध होईल तेव्हा ते सहमार्गदर्शक झालेले असतील आणि सहीसाठी दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. हे विचारायला संकोच वाटतो, मान्य. तरी विचारा.

आता मोजणी. नियमात किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. फेरनोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे सगळं मिळून दहा. बाळंतपण आणि बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंतची रजा एकदा घेता येते. हे ऐकून सगळे निवांत होतात. मीही झाले होते. पण सहा वर्षं म्हणजे बेदाण्याचे सहा हंगाम नव्हेत. पहिला हंगाम कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, गेला. दुसऱ्याला, म्हणजे मार्च २०२०ला, प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन निघणार तोच टाळेबंदी. २०२१ला दुसरी लाट. खरं काम २०२२च्या एकाच हंगामात झालं. शेवटचं दीड वर्ष लिहिणं, दुरुस्त्या आणि सह्या यांचं असतं, ते आधीच वजा करून ठेवा. कागदावर प्रबंध देण्याची तारीख लिहा आणि तिथून मागं या. तुमच्या विषयाचा हंगाम किती वेळा हाती लागतो ते दिसेल. ऊस असो, हळद असो, नाहीतर साखर कारखान्यांचे ताळेबंद, प्रत्येकाचा एक हंगाम असतो.

कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा पेपर सक्तीचा, ५५ टक्के हवेत. होतं. अर्थमितीची, म्हणजे अर्थशास्त्रातल्या संख्याशास्त्राची, मात्र भीती वाटत असेल तर याच काळात मोडून काढा. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लायब्ररीतल्या संगणकावरही चालतं.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती विषयाच्या नावात. "सांगली जिल्ह्यातील अमुक: एक चिकित्सक अभ्यास" हे नाव आहे, प्रश्न नव्हे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं गृहीतक होतं, 'बेदाणा उत्पादकांची आर्थिक स्थिती असमाधानकारक आहे.' समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "आणि समाधानकारक निघाली तर काय बदलेल?" काही बदलणार नव्हतं. मग प्रश्न असा केला: साठवणुकीचं भाडं आणि कर्जाचं व्याज धरूनही शेतकरी माल का ठेवतो? भाववाढीच्या आशेनं, की ठेवलेल्या मालावर तारण कर्ज मिळतं म्हणून? याला 'हे की ते' असं उत्तर निघतं आणि कुठलेही उत्तर आलं तरी सांगण्यासारखं असतं. नावातही मी चूक केली. जिल्हा लिहिला आणि काम झालं एका तालुक्यात. मंजूर शीर्षकातला एक शब्द बदलायला अर्ज, गाईडचं पत्र, समितीची बैठक, सगळं नव्यानं. पहिल्यांदाच लहान लिहा.

नमुना ३८४ घेतला, असं जवळजवळ प्रत्येक प्रबंधात दिसतं. का, विचारलं तर "तक्त्यात आहे." तो आकडा ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक आणि मोठी लोकसंख्या धरून येतो, आणि त्याला यादृच्छिक निवड लागते, म्हणजे आधी पूर्ण यादी लागते. बेदाणा करणाऱ्यांची यादी कुठं असते? सातबाऱ्यावर पीक द्राक्ष लागतं. तोच माणूस एका वर्षी ताजी द्राक्षं विकतो आणि भाव पडला की दुसऱ्या वर्षी बेदाणा करतो. म्हणजे फक्त बेदाणावाल्यांना विचारलं तर निवड आधीच वाकडी झाली. मी गावं चिठ्ठीनं काढली, तिथल्या सगळ्या द्राक्षवाल्यांची यादी केली आणि त्यातून माणसं निवडली. नमुना लहान झाला, पण व्हायव्हात त्याच्यावर उभं राहता आलं.

शेतावर कधी जायचं हे कुठल्याच पुस्तकात नसतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीत आणि एप्रिलच्या खरडछाटणीत जाऊ नका. माणूस कात्री खाली ठेवत नाही आणि तुम्हाला चहा पाजून वाटेला लावतो. मी पहिल्यांदा ऑक्टोबरातच गेले होते. पाऊस लागला की दुपारी बरं. आणि उत्पन्न विचारू नका. एका आजोबांनी मला सरळ सांगितलं, "पोरी, उत्पन्न इन्कमटॅक्सवाला विचारतो. तू पट्ट्या बघ." अडत्याकडून मिळालेल्या विक्रीच्या पट्ट्या त्यांनी पिशवीतून काढून दिल्या. तारीख, वजन, दर, अडत, हमाली, सगळं त्यात. प्रश्नावलीतली चार पानं मी त्या रात्री खोडली.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढं प्रगती मांडावी लागते. चुकवू नका, कारण सतत असमाधानकारक शेरा आला तर नोंदणी जाते. प्रत्येक अहवालाची पोच घ्या आणि खोक्यात टाका. माझी एक पोच हरवली होती. ती शोधण्यात उन्हाळ्याची सुट्टी गेली.

लिहिताना साधर्म्य तपासणीची, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघण्याची, धास्ती सगळ्यांना असते. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत अडचण नाही, ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत असेल तर वर्षभर देता येत नाही, त्यापुढं नोंदणीच रद्द. आकडा कमी करायला शब्द फिरवत बसू नका. वाचलेलं पुस्तक मिटून मग लिहा. आणि तक्ते आधी, प्रकरणं नंतर. माझं दुसरं प्रकरण, म्हणजे जुन्या अभ्यासांचा आढावा, सगळ्यात शेवटी लिहून झालं आणि ते सगळ्यात बरं आहे.

प्रबंध देण्याआधी सगळ्यांसमोर सादरीकरण असतं. मग प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. एकानं नाकारला तर तिसऱ्याकडे पाठवतात. त्यानंही नाकारला तर संपलं. सगळं मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावं असा नियम आहे. व्हायव्हा खुला असतो, घरच्यांना घेऊन जा. माझ्या व्हायव्हाला ते पट्ट्यावाले आजोबा आले होते, आणि परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर त्यांनीच मला विचारलं, "मग यंदा ठेवू का विकू?" मी उत्तर टाळलं. परीक्षक हसले, आजोबा नाही.

नंतर प्रबंधाची सॉफ्ट कॉपी शोधगंगेसाठी, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यासाठी, जाते. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात आलं की त्यावर पदवी यूजीसीच्या नियमांनुसार दिल्याची ओळ आहे का ते तिथंच उभं राहून वाचा. नसेल तर खिडकी सोडू नका. पुढं मुलाखतीत पहिल्यांदा तीच मागतात.