गाडीची बाहेरची खडखड घरी घालवायची, तर ही तयारी

सामानाच्या आधी माणूस. सकाळी तुमची गाडी धुवायला जे दादा येतात त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की पुढचे तीन दिवस या गाडीला पाणी नाही आणि फडकंही नाही. गेल्या वेळी मी हेच विसरलो. शनिवारी संध्याकाळी दोन तास खपून मागच्या डाव्या दाराचं बीडिंग, म्हणजे दारावरची बाहेरची लांब पट्टी, नव्या टेपने बसवलं. सरळ आलं, हाताला घट्ट लागलं. रविवारी पहाटे दादांनी रोजच्यासारखी बादली ओतली, रोजच्यासारखं बीडिंगच्या कडेकडेने फडकं दाबून फिरवलं. त्यांनी त्यांचं काम नीट केलं, सांगायचं काम माझं होतं. दुपारी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर घाटकोपरच्या पुढे मागचं टोक सुटून दारावर आपटायला लागलं आणि गाडी कडेला घेईपर्यंत अख्खी पट्टी रस्त्यावर गेली. मागे बाइकवर कोणी नव्हतं, हे नशीब. त्या दिवसापासून ही यादी मी याच ओळीने सुरू करतो.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. बाहेरच्या पट्ट्यांना लागते ती फोमची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, थ्री-एम कंपनीची व्हीएचबी किंवा त्याच जातीची. ती लावल्या लावल्या घट्ट वाटते, पण तिचा चिकट थर रंगाच्या बारीक खाचांत हळूहळू पसरत असतो. साधारण खोलीच्या तापमानाला 20 मिनिटांत निम्मी ताकद येते, 24 तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण यायला 72 तास. म्हणजे पहिली पहाट ही सगळ्यात नाजूक वेळ, आणि नेमकी तीच गाडी धुवायची वेळ.

आता खडखड कुठून येते ते शोधा, नाहीतर भलतंच उघडून बसाल. गाडी उभी असताना मुठीने हलके ठोकत फिरा: दारांची बीडिंग, चाकावरची काळी प्लास्टिकची कड (क्लॅडिंग), वायपरखालची जाळी, बंपरचे कोपरे, दारांच्या काचांवरच्या पावसाच्या पट्ट्या (व्हायझर), डिकीवरचा स्पॉयलर. नंबर प्लेट आधी बघा, मागची विशेषतः. डिकी लावताना पत्र्यासारखा आवाज आला तर निम्म्या वेळा तीच असते. ठोकून कळलं नाही तर मास्किंग टेपने एकच संशयित भाग पूर्ण दाबून बांधा आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये एक फेरी मारा. आवाज गेला तर सापडला, नाहीतर टेप काढून पुढचा भाग. एका वेळी एकच. चार ठिकाणी एकदम टेप लावून फिरणाऱ्याला शेवटी काहीच कळत नाही. आवाजाची जातही ऐका. खड्ड्यात खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे, तिथे फोम किंवा नवी क्लिप. गाडी वळताना करकर म्हणजे दोन प्लास्टिकं एकमेकांवर घासतायत, तिथे फोम नको, पातळ फेल्टची कापडी टेप. फक्त वेगात घुमल्यासारखा आवाज येत असेल तर व्हायझरची किंवा छतावरच्या पट्टीची कड वाऱ्याने उचलली जातेय.

सामान. पट्ट्या उचकटायच्या प्लास्टिकच्या हत्यारांचा सेट घ्या. स्क्रू ड्रायव्हर रंगाजवळ आणू नका. जुनी टेप कापायला दात साफ करायचा फ्लॉस किंवा मासेमारीची बारीक तंगूस, हेअर ड्रायर, मास्किंग टेप, मायक्रोफायबरची स्वच्छ फडकी. क्लिपा जास्तीच्या आणा. जुन्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, काढताना दोन-तीन तुटतातच. एक जुनी क्लिप खिशात टाकून मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जा आणि दुकानात ती ठेवून तशीच मागा. गाडीच्या नावावरून मागितली तर जवळपासची देतात, आणि जवळपासची क्लिप पुन्हा खडखडते.

फोम पाणी न शोषणारा घ्या. साधा स्पंज पावसाचं पाणी धरून ठेवतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ओला स्पंज पत्र्याला चिकटून राहिला की तिथून गंज सुरू होतो. त्याच कारणाने दाराच्या खालच्या कडेची आणि वायपरखालची पाणी जायची भोकं फोमने बुजवू नका. ती मोकळी आहेत हे काडी घालून बघा.

फेविक्विक घरात इतरत्र ठीक आहे, इथे नको. कडक होतं, हादऱ्याने तडकतं आणि आजूबाजूला पांढरी झाक सोडतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर अजिबात नको. पत्र्याला ते चांगलं नाही, आणि उद्या रंग मारायची वेळ आली तर तिथे रंग धरत नाही.

एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, उघडायची नाही. तिची लॉकं एकदाच बसणारी असतात, काढली की तुटतात. प्लेट आणि बंपरच्या फटीतून मागे फोमच्या दोन-तीन पट्ट्या सरकवा, बास.

दिवस निवडताना जून ते सप्टेंबर विसरा, बेसमेंटमध्ये कोरडी जागा असली तरी. गाडी तीन दिवस तिथेच उभी ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. टेपला 21 ते 38 अंश मानवतं, मुंबईत ते मिळतंच, पण उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. सावलीत करा, पत्र्याला हात लावून बघा.

आणि दादांना सांगितलंत ना? नुसतं कानावर घालून भागत नाही. त्यांच्याकडे तुमच्या बिल्डिंगच्या वीस गाड्या आहेत, पहाटे अंधार असतो, आणि कधी ते सुट्टीवर गेले तर त्यांच्या जागी दुसरं कोणी येतं. म्हणून वायपरखाली मोठ्या अक्षरात कागद लावा. रविवारी काम करणार असाल तर: पाणी नको, बुधवारपर्यंत. त्यांना वाचता येईल त्या भाषेत लिहा. रात्रपाळीच्या वॉचमनलाही सांगा, कारण पहाटे तोच जागा असतो. घरच्यांनाही सांगा, कोणी प्रेमाने गाडी पुसायला जाऊ नये.

साफसफाई. इथे घाई केली तर वरचं सगळं फुकट. ड्रायरने कोमट करून जुनी टेप फ्लॉसने करवतीसारखी कापा, उरलेला चिकटा अंगठ्याने मळून काढा. फारच राहिला तर रॉकेलचं फडकं चालेल, थिनर नाही, थिनरने रंग जातो. पण रॉकेल तेलकट थर सोडतं, गाडीचं पॉलिशही तसाच थर सोडतं, म्हणून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं. एका फडक्याने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्याने. पट्टीची मागची बाजूही तशीच. त्यानंतर बोट लावायचं नाही.

पट्टी काढायच्या आधीच तिच्या वर-खाली मास्किंग टेप लावून जागा आखलेली असू द्या. टेप लागली की सरकवता येत नाही.

मग लावणं. टेपचं सालपट थोडं थोडं सोलत एका टोकाकडून जा, प्रत्येक वितीवर अंगठ्याने जोर लावून दाबा, वरून मास्किंग टेपचे आडवे पट्टे. क्लिपवाल्या भागांना टक् आवाज येईपर्यंत तळहाताने. फटीत फेल्ट. झालं.

पहिला दिवस गाडी काढूच नका. तीन दिवस पाणी नाही. दादांना रविवारी रात्री परत आठवण करा, पहिल्या पहाटेच्या आधी. चौथ्या दिवशी मास्किंग टेप काढा, कडा नखाने उचलून बघा, पेव्हर ब्लॉकवर फेरी. उरलेल्या क्लिपा डिकीत, डबीत.