पॉपअप उघडतो पण डेटा पोचत नाही: माझा अनुभव

जावास्क्रिप्टमध्ये एका पेजवरून विंडो.ओपनने दुसरी विंडो (पॉपअप) उघडायची आणि लगेच तिला पोस्टमेसेजने, म्हणजे एका विंडोतून दुसरीला मेसेज पाठवायच्या सोयीने, डेटा द्यायचा, काम एवढंच, पण डेटा कधी पोचायचा कधी नाही. कारण असं की विंडो.ओपन पेज लोड व्हायची वाट बघतच नाही, विंडोचा रेफरन्स लगेच हातात देऊन मोकळं होतं, आत तेव्हा नुसतं अबाउट:ब्लँक, म्हणजे कोरं पान असतं आणि खरं पेज मागाहून येतं, मग मेसेज ऐकणार कोण?

सेटटाइमआउट लावा, म्हणजे ठरावीक वेळ थांबून मग मेसेज पाठवा, असं बरेच जण सांगतात. माझं म्हणाल तर अजिबात नको, आपल्या मशीनवर चालतं आणि स्लो नेटवर हमखास गंडतं.

मी दिशाच उलटी केली. नवीन विंडो आधी स्वतःचा मेसेज लिसनर (आलेला मेसेज ऐकणारा कोड) लावते आणि मगच विंडो.ओपनरला, म्हणजे तिला उघडणाऱ्या मुख्य पेजला, 'रेडी' असा मेसेज पाठवते, मुख्य पेजने विंडो उघडायच्या आधीपासूनच कान लावलेले असतात, रेडी आलं की इव्हेंट.ओरिजिन (मेसेज कुठल्या साइटवरून आला) आणि इव्हेंट.सोर्स (कुठल्या विंडोने पाठवला) चेक करून मग डेटा पाठवायचा. पॉपअप रिफ्रेश केला तरी रेडी परत येतं, डेटा परत जातो, हे मला फार आवडलं.

हां, विंडो उघडताना नोओपनर (नव्या विंडोचा उघडणाऱ्या पेजशी संबंध तोडणारा पर्याय) दिलं असेल तर ओपनर नल, म्हणजे रिकामा मिळतो आणि ही युक्ती चालणार नाही. आणि विंडो क्लिकच्या हँडलरमध्ये थेट उघडा, आधी लांबलचक फेच (सर्व्हरकडून डेटा आणणं) आणि मग ओपन केलंत तर पॉपअप ब्लॉकर अडवू शकतो.