कॅटाफ्रॅक्ट धडकेनंतर अडकून मरत होते – माझा अनुभव

रोम: टोटल वॉर या कॉम्प्युटर गेममध्ये सेल्युसिड साम्राज्य घेऊन खेळताना माझे कॅटाफ्रॅक्ट (घोड्यासकट चिलखत घातलेले भालाधारी स्वार) पहिली धडक जोरात मारायचे, मग तिथेच रुतून एकेक करून पडायचे. चिलखत अपग्रेड केलं, सेनापती जवळ ठेवला, दोन तुकड्या एकदम सोडल्या, फरक शून्य. तीन संध्याकाळी यात गेल्या.

शेवटी जमलं ते असं. आधी फॅलँक्सने (लांब भाल्यांच्या दाट रांगेतलं पायदळ) शत्रूचं पायदळ समोरून गुंतवायचं. तोवर कॅटाफ्रॅक्ट चालवतच पाठीमागे न्यायचे. पळवले तर आधीच दमतात. पुरेसं अंतर ठेवून शत्रूवर एकदाच राइट क्लिक. घोडे चालत निघतात, जवळ येताच भाले आडवे होतात. धडक बसली की काही सेकंदांत मागच्या मोकळ्या जमिनीवर डबल राइट क्लिक करून बाहेर काढायचे, वळवायचे, पुन्हा तेच. निघायला वाटच नसेल तर शत्रूवर ऑल्ट धरून राइट क्लिक: भाला जाऊन हातात गदा येते, आणि गर्दीत तीच चालते. भालेवाल्यांवर समोरून मात्र कधीच नाही.

पळणाऱ्यांचा पाठलागही टाळा. इ.स.पू. 190 च्या मॅग्नेशियाच्या लढाईत सेल्युसिड राजा तिसऱ्या अँटिओकसच्या उजव्या बगलेने रोमनांची डावी फळी फोडली, थेट छावणीपर्यंत धावली, आणि मागे मधली फळी कोसळली.